हिवरदरे रोडवरून जाणारं

१

भोसरीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे शोएबचं आणि माझं. मी मूळचा उमरग्याकडचा, तो इथलाच. दोघं एकाच कंपनीत वेल्डर म्हणून लागलो, एकाच दिवशी नोकरी सोडली आणि तेव्हापासून एका शटरखाली आहोत. शेड उभ्या करणं हा आमचा धंदा. लोखंडी खांब रोवायचे, त्यांवर कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, चढवायच्या, वर पत्रा. फार डोकं लागत नाही, पण नजर लागते. खांब बोटभर कलला तरी मला लांबून कळतं.

गेल्या हिवाळ्यात आम्हाला हिवरदरे रोडचं काम मिळालं. हे एक बंद पडलेलं स्टेशन आहे. चाकणच्या पुढे कारखान्यांची रांग संपून टेकडी सुरू होते तिथे. गाव लांब, म्हणून नावात 'रोड'. महायुद्धाच्या काळात टेकडीमागे लष्कराचं सामान ठेवायचे, त्यासाठी फाटा काढला होता म्हणे. युद्ध संपल्यावर त्याच फाट्यावरून सकाळ-संध्याकाळ एक छोटी गाडी धावायची. कांदे, बटाटे आणि माणसं. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, गाडी बंद पडली. रूळसुद्धा उपटून नेले. उरली एक दगडी इमारत, उत्तरेकडे तोंड केलेला फलाट, आणि फलाटाखाली रुळांच्या जागी गवत माजलेली लांबच लांब चर. एका कंपनीचं गोदाम होणार होतं, ते बरोबर त्या चरीवर आडवं.

शोएबला हे स्टेशन ऐकून माहीत होतं. त्याचे आजोबा, लालमहंमद, इथे झेंडा दाखवायच्या कामाला होते. त्याची आई झुलेखाचाची इथल्याच क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झाली.

"अम्मीला आणायला पाहिजे एकदा," तो पहिल्या दिवशी म्हणाला, आणि कामाच्या गडबडीत विसरून गेला.

आमचा दिवस ठरलेला होता. सकाळी टेम्पोतून माल यायचा. तिकिटाच्या खोलीत वेल्डिंगची मशिनं ठेवली होती, ती बाहेर काढायची. चरीत खड्डे घेऊन खांबांचं काँक्रीट भरायचं. दुपारी त्याच खोलीत स्टोव्हवर चहा टाकायचा आणि सगळ्यांनी फलाटाच्या बाकावर बसून प्यायचा. इमारतीची सावली दुपारभर फलाटावर असायची. समोर चरीत छबूबाईच्या शेळ्या चरत असायच्या. लांबून हायवेचे हॉर्न ऐकू यायचे. काम करायला इतकी निवांत जागा मला याआधी मिळाली नव्हती.

२

शेळ्यांचं लक्षात यायला मला आठवडा लागला.

चहा उकळत असायचा. तेवढ्यात चरीतल्या शेळ्या चरायच्या थांबायच्या. एकीनं मान वर केली की दुसरी, मग सगळ्या. मग न हाकलता, न ओरडता, त्या एकामागून एक फलाटाच्या उतारावरून वर यायच्या आणि काठापासून थोडं मागे सरून उभ्या राहायच्या. करडंसुद्धा. तोंडं सगळ्यांची चरीकडे. ग्लासातला चहा प्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्या हलायच्या नाहीत. मग पुन्हा खाली उतरायच्या.

जनावरांना सवयी लागतात. मी तसंच समजलो.

पण एकदा शेळ्या वर आल्यावर मी चरीकडे नीट पाहिलं. गवत वाकत होतं. वारा सुटला की रान सगळीकडे हलतं. इथे फक्त चरीतलं गवत पूर्वेकडून पश्चिमेकडे आडवं होत गेलं आणि आडवंच राहिलं. काठावरचं एक पातंही हललं नाही. आणि मग मला जाणवलं की हायवेचे हॉर्न ऐकू येत नाहीयेत. ते कमी झाले नव्हते, कुणीतरी मध्ये भिंत उभी करावी तसे बंद झाले होते.

मग गवत उठलं, हॉर्न परत आले, शेळ्या उतरल्या.

मी बराच वेळ कारणं शोधत बसलो. पलीकडे फोर्जिंगचा कारखाना आहे, त्याच्या हॅमरचे हादरे जमिनीतून येत असतील. चर खोल, म्हणून तिच्यात वारा कोंडून वाहत असेल. आवाजाचं काय, वाऱ्याची दिशा बदलली की आवाज जातोच. प्रत्येक कारण बरं वाटलं. सगळी एकदम खरी मानायला मात्र जड गेली.

छबूबाईला विचारलं. ती हिवरदऱ्याची, वय झालेलं, कमरेत वाकलेली.

"शेळ्या रोज याच वेळी वर का येतात हो, मावशी?"

"जाणाऱ्याला वाट देत्यात," ती म्हणाली.

"कोण जातं? गाडी तर कधीच बंद झाली."

"गाडीचं कुटं म्हंती मी?" तिनं काठीनं चर दाखवली. "माझी आजी सांगायची, हितं रूळ न्हवते, टेसन न्हवतं, तवाबी गुरं सरायची. वाट आधीची हाय, बाबा. रेल्वेवाल्यांनी तिच्यावर रूळ टाकले, एवढंच."

३

झुलेखाचाचीला मी आणलं, शोएबनं नाही. त्याला सांगितलं, अम्मीला एकदा जागा पाहू दे, पुढच्या आठवड्यात इथलं काही ओळखू येणार नाही. खरं कारण मी सांगितलं नाही.

चाची फलाटावर चढली आणि प्रतीक्षालयाच्या दारात उभी राहिली. आत छप्पर अर्धं गेलेलं, भिंतीत पिंपळ. तिनं दगडी बाकावरून हात फिरवला. "हितं आमी गजगे खेळायचो," म्हणाली. क्वार्टरची जागा दाखवली, तिथे आता नुसता चौथरा होता. मग बाकावर येऊन बसली. शोएबनं तिला चहा दिला.

शेळ्यांनी माना वर केल्या.

मी शेळ्यांकडे बघत होतो, त्यामुळे चाची केव्हा उठली ते मला कळलं नाही. पाहिलं तेव्हा ती उभी होती. ग्लास बाकावर ठेवलेला, पदर डोक्यावर घेतलेला, हात समोर जोडून धरलेले. मोठ्या माणसांसमोर लेकीसुना उभ्या राहतात तशी. नजर चरीकडे.

हॉर्न बंद झाले. आणि तिच्या चेहऱ्यावरून उजेड जायला लागला.

फलाटावर सावली होती, हे मी पुन्हा सांगतो. सूर्य इमारतीच्या मागे होता. तरी तिच्या चेहऱ्यावरून उजेड, अंधार, उजेड, अंधार असं भरभर सरकत होतं. रात्री गाडी जाताना फलाटावरच्या माणसाच्या तोंडावरून डब्यांच्या खिडक्या जातात तसं. तिचे डोळे त्याबरोबर हलत होते. मी चरीकडे वळून पाहिलं. आडवं पडलेलं गवत आणि आम्ही रोवलेले खांब, बस्स. वळून तिच्याकडे पाहिलं, तर उजेड अजून जातच होता.

संपल्यावर ती खाली बसली आणि चहा प्यायली.

"चाची, काय होतं ते?" मी विचारलं.

"ठावं न्हाई," ती म्हणाली. "आमी सगळेच उठायचो. मास्तर खुर्चीतनं उठायचे. अम्मी भाकरी टाकून बाहेर यायची. अब्बा त्या टोकाला जाऊन हात आडवा धरायचे. गाडीला 'जा' म्हणायची ती खूण. झेंडा हाताशी नसला की हात. रिकाम्या रुळांवर धरायचे बघ, रोज. मी विचारलं, अब्बा, कुणासाठी? तर म्हणायचे, दिसत नसलं तरी आदब सोडू नये."

शोएब हसला, पण मोकळं हसला नाही. "अम्मी, तेव्हा करमणूक नव्हती ना दुसरी."

चाचीनं खांबांकडे पाहिलं. चरीच्या मधोमध, आमच्या हातचे, ओळंब्यात सरळ.

"वाटेत रोवलेत व्हय रे?" ती म्हणाली. तेवढंच.

४

त्यानंतर आम्ही दोघं गाडीतून परतताना भांडलो.

"तू सांग, काय करायचं?" शोएब म्हणाला. "कंपनीच्या माणसाला फोन करून सांगू, की शेळ्या उठतात म्हणून काम बंद?"

"मी काम बंद म्हणत नाही. चहाच्या वेळेला चरीत कुणी नको, एवढंच."

"भावा, चहाच्या वेळेला चरीत कोण असतं? सगळे फलाटावर असतात."

ते खरं होतं. आजवर आमचं काही बिघडलं नव्हतं ते चहामुळे.

कैच्या चढवायच्या दिवशी चहा झाला नाही. हायड्रा, म्हणजे छोटी चालती क्रेन, सकाळी येणार होती ती मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून जेवणानंतर आली. ड्रायव्हर भीमराज घाईत होता, त्याला पुढचं काम होतं. चाचीही आली होती. सकाळीच टेम्पोजवळ येऊन उभी राहिली, नको म्हटलं तरी बसली.

शेवटचा खांब जागेवर बसवायचा राहिला होता. भीमराजनं हायड्रा फलाटाच्या उतारावर लावून खांब उचलला. शोएब चरीत उतरून खालची लोखंडी पाटी बोल्टांवर बसवत होता. मी फलाटावरून हातानं खुणा करत होतो. सावकाश, थोडं खाली, अजून थोडं.

पाटी बोल्टांवर न बसता घसरली आणि शोएबच्या बुटाच्या टोकावर टेकली. टोकात लोखंड असतं, म्हणून पाय वाचला, पण बूट अडकला. "वर घे!" तो ओरडला. भीमराजनं लिव्हर ओढला. इंजिन धडधडलं आणि बंद पडलं. त्यानं पुन्हा चावी फिरवली. पुन्हा बंद.

तेवढ्यात माझ्या पायाला काहीतरी घासून गेलं. पाहिलं तर करडू. शेळ्या वर येत होत्या.

"बूट सोड!" मी ओरडलो. "शोएब, नाडी सोड, पाय काढ!"

तो वाकला. नाडीला काँक्रीट लागून तिचा दगड झाला होता. मी खाली उडी मारायला निघालो. आणि मला उडी मारता आली नाही. भीती होतीच, पण ती कारण नव्हती. एखाद्या प्रचंड गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पाय आपोआप थबकतो, तसा माझा पाय फलाटाच्या काठाशी थबकला. पूर्वेला, जिथे चर वळून टेकडीमागे जाते, तिथलं गवत आडवं व्हायला लागलं होतं.

चाची माझ्या शेजारून पुढे गेली. अगदी काठावर. तिनं दोन्ही हात डोक्यावर उंच उभारले, पंजे उघडे, आणि ती तशीच उभी राहिली.

'थांब' म्हणायची खूण काय असते, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

५

गवत आडवं होत आलं. पहिला खांब ओलांडला. दुसरा ओलांडला. मग त्याचा वेग कमी झाला. शोएबपासून हातभर अंतरावर शेवटचं पातं अर्धं वाकलं, आणि तिथेच राहिलं.

हॉर्न नव्हते. पाखरं नव्हती. माझ्या छातीची धडधड मला ऐकू येत होती, आणि भीमराजच्याही छातीची येत होती असं मी शपथेवर सांगेन. शोएब वाकलेला तसाच होता. त्याच्या कपाळावरचे केस मागे गेले होते आणि परत येत नव्हते, जणू कुणीतरी मोठा श्वास सोडता सोडता रोखून धरला होता.

चाचीच्या चेहऱ्यावर उजेडाचा एक चौकोन स्थिर पडला होता.

ती त्या उजेडाकडे वर बघत होती. भीमराज मागून पुटपुटत होता, "काय आहे, शेठ, काय आहे?" मला एवढंच वाटत होतं, की समोर जे थांबलं आहे ते आमच्यापेक्षा, फलाटापेक्षा, त्या टेकडीपेक्षाही मोठं आहे, आणि ते एका म्हातारीच्या शब्दाखातर थांबलं आहे.

"पोराला काढा वर," चाची हात न हलवता म्हणाली.

आता पाय उचलला. मी उतरलो, खिशातल्या कटरनं नाडी कापली, शोएबला काखेत धरून वर ओढलं. त्याचा एक पाय अनवाणी होता. तो फलाटावर गुडघ्यांवर बसला आणि आईचे पाय धरून रडायला लागला. त्याला मी याआधी कधीच रडताना पाहिलं नव्हतं.

चाचीनं हात खाली घेतले.

आम्ही वाट पाहत राहिलो. आता गवत उठेल, हॉर्न येतील. उजेडाचा चौकोन चाची बाजूला झाल्यावर मागच्या दगडी भिंतीवर पडला. ऊन उतरलं, संध्याकाळ झाली. चौकोन तिथेच होता. गवत उठलं नाही.

६

ते गेलंच नाही.

आम्ही कामगारांना सुट्टी दिली. भीमराज हायड्रा तिथेच टाकून गेला आणि मागाहून त्यानं दुसऱ्याच कुणाला तरी पाठवून ती ओढून नेली. कंपनीच्या माणसाला आम्ही सांगितलं, जमीन हादरते, खांब टिकणार नाहीत. तो स्वतः येऊन गेला. फलाटावर चढला, थोडा वेळ उभा राहिला, कान चोळले, भिंतीवरच्या उजेडाकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडीत जाऊन बसला. पुढे त्यांनी गोदाम रस्त्याच्या पलीकडच्या जागेत हलवलं. आमचे खांब आम्हीच काढून घ्यायचे ठरलं. पण काढायला उतरणार कोण?

मी दोनदा एकटा जाऊन पाहिलं. भर दुपारी. फलाटावर पाय ठेवला की जगाचा आवाज बंद. भिंतीवर सावलीत तो चौकोन, कोमट. हो, मी हात लावून पाहिला. शेळ्या चरीत उतरत नव्हत्या. छबूबाई त्यांना फलाटावर पाला आणून घालत होती.

"गावातली जनावरंबी उभ्यानं ऱ्हात्यात," ती म्हणाली. "बसंना झालीत. म्हशी दूध चोरत्यात. तुमी अडवलंया, तुमीच सोडवा."

तिकडे कासारवाडीला घरी झुलेखाचाचीनं अन्न जवळजवळ सोडलं होतं. शोएब तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. रक्त, साखर, सगळं ठीक.

"अम्मीला काय होतंय कळत नाही राव," तो मला म्हणाला. आताशा तो पूर्वीसारखा वाद घालत नव्हता. "नुसती बसून असते. म्हणते, लोक ताटकळलेत."

"कोणते लोक?"

"ते विचारायची माझी हिंमत नाही."

मी तिच्यासमोर जाऊन बसलो. म्हणालो, "चाची, थांबवायची खूण तुम्हाला येत होती. सोडायचीही येते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "येती. पर अब्बा म्हणायचे, हात धरला की शेवटचा डबा जाईस्तोवर खाली करायचा न्हाई. मदीच हात पडला तर गाडी दुभंगती. आन् बाळा, हे केवढं हाय ते मला म्हाईत न्हाई. मी म्हातारी. माझा हात टिकंल?"

"आम्ही आहोत ना," शोएब दारातून म्हणाला.

७

दुपारच्या चहाच्या वेळेलाच गेलो. चाची फलाटाच्या त्या टोकाला, जिथे तिचे अब्बा उभे राहायचे, तिथे गेली. पदर सारखा केला. उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरला.

आधी काही झालं नाही. मग भिंतीवरचा चौकोन सरकला. अगदी हळू, बोटभर. जड वस्तू जागेवरून हलताना जमिनीला जे कळतं ते पायांना कळलं. चौकोन भिंतीच्या टोकाला जाऊन मावळला आणि मागून दुसरा आला.

याआधी ते वेगानं जायचं, म्हणून नुसतं उजेड-अंधार दिसायचं. आता ते चालत्या माणसाच्या गतीनं जात होतं, आणि मला दिसलं की प्रत्येक उजेडात एक सावली आहे. उभी. पागोटं घातलेली. डोक्यावर गाठोडं घेतलेली. खांद्यावर मूल बसवलेली. चौकोनामागून चौकोन, सावलीमागून सावली, आणि बसलेली त्यांत एकही नव्हती. मग काही सावल्या आल्या, त्यांना शिंगं होती. काही इतक्या उंच होत्या की उजेडात फक्त गुडघे मावत होते. काही कशाच्या होत्या ते मला सांगता येत नाही. मी चरीकडे वळून पाहू शकलो असतो. पाहिलं नाही. पाहू नये असं वाटलं, आणि ते भीतीनं नव्हे.

चाचीचा हात थरथरायला लागला. शोएबनं कोपराखाली आपला हात दिला. थोड्या वेळानं मी मनगटाखाली दिला. तिच्या हाताला वजन नव्हतं, पण त्या हातावरून काहीतरी जात होतं, आणि त्याचं वजन आमच्या खांद्यांत उतरत होतं. छबूबाई शेळ्यांमध्ये डोकं टेकवून बसली होती. सूर्य टेकला. चरीपलीकडे कारखान्यांचे दिवे लागलेले दिसले, पण त्यांचा आवाज आला नाही. उजेड अजून येतच होते.

दिवेलागण उलटून गेली तेव्हा शेवटचा आला. शेवटचा असल्याचं कळलं, कारण त्याच्यामागे गवत उठत होतं. तो भिंतीवरून सरकला, छबूबाईवरून, मग शोएबच्या तोंडावरून, मग माझ्या, मग चाचीच्या. त्या उजेडात सावली नव्हती. सबंध चौकोन मोकळा होता, कुणासाठी तरी जागा राखून, पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ.

मग हायवेवर कुणीतरी लांबलचक हॉर्न दिला. शेळ्या धडाधड खाली बसल्या.

चाचीचा हात आम्ही दोघांनी मिळून हळूच खाली आणला.

"अम्मी," शोएब म्हणाला, "तो शेवटचा..."

"बगितला," ती म्हणाली. "चला घरी. धनेश, तूबी जेवूनच जा."

घरी तिनं भाकरी टाकल्या, वांग्याचं कालवण केलं. आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. वाढताना ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा शोएबकडे, आणि कुणावरच तिची नजर फार वेळ टिकत नव्हती. मलाही शोएबकडे सरळ बघता येईना. त्यालाही माझ्याकडे.

त्या घरात मी वीस वर्षं जेवतो आहे. सगळ्यांची पानं उठल्याशिवाय चाचीनं कधी तोंडात घास घातला नाही. त्या दिवशी तिनं आमच्या ताटांत भाकरी ठेवली, म्हणाली, "तुमी थांबा रे जरा," आणि स्वतःचं ताट वाढून घेऊन आमच्या आधी जेवायला बसली.